थर्झा कॅपस्टिकची दुहेरी गाठ

परवा केंडलला जुन्या लॉऱ्यांचा मेळा भरला होता. नात म्हणाली, "आजोबा, चला, तुमच्या वेळच्या गाड्या बघायला." गेलो. साठ-सत्तर लॉऱ्या रांगेत उभ्या, नव्या नवरीसारख्या नटवलेल्या. चाकांच्या नटांनासुद्धा रंग दिलेला. आमच्या वेळी त्या नटांवर शॅपच्या घाटातला चिखल असायचा, आणि शनिवारी दुपारी आम्हीच तो ब्रशनं घासून काढायचो.

रांगेच्या टोकाला आमच्या स्केलगार्थ ब्रदर्स या मालवाहतूक कंपनीची चौदा नंबरची लॉरी उभी होती. अ‍ॅटकिन्सन बनावटीची, आठ चाकांची, गडद हिरवी, मडगार्ड लाल, दारावर सोनेरी अक्षरं. पाहिली आणि नातीला मागे टाकून सरळ गाडीकडे गेलो, खोटं कशाला बोलू. मग गाडीपुढची पाटी वाचली आणि डोकं फिरलं. पाटीवर होतं, 'या लॉरीचे ड्रायव्हर : रूबेन टायसन.'

गाडी हौसेनं सजवणारा गृहस्थ शेजारीच खुर्ची टाकून सँडविच खात होता. मी म्हटलं, "तुमची पाटी चूक आहे. टायसन या गाडीत एक दिवससुद्धा बसला नाही. ही थर्झा कॅपस्टिकची गाडी."

"बाई चालवायची?" तो हसला. "आठ चाकांची? एकोणीसशे चौसष्ट साली? आजोबा, तुमचा काहीतरी घोळ होतोय."

"घोळ तुमच्या पाटीचा आहे. मी त्याच यार्डात नऊ नंबर चालवत होतो."

"बघू. कागदपत्रांत सापडलं तर बदलू."

नातीनं मला दंडाला धरून बाजूला नेलं, नाहीतर त्याच्या सँडविचचं काही खरं नव्हतं. कागदपत्रं म्हणे! कागद काय सांगणार? मला जे ठाऊक आहे ते मीच लिहितो. त्यात माझं तोंड काळं होणार आहे, तेही होऊ दे. ब्याऐंशीव्या वर्षी गोरं ठेवून करायचंय काय?

थर्झा सेडबर्गच्या बाजूची, मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरातली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सतराव्या वर्षी ती लाकूड तोडणाऱ्या मुलींच्या पथकात भरती झाली. झाडं पाडायची, ओंडके लॉरीत चढवायचे. एके दिवशी त्यांच्या ड्रायव्हरचा पाय ओंडक्याखाली सापडला, आणि लॉरी डोंगरावरून खाली कोण नेणार म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. थर्झानं नेली. त्यानंतर लढाई संपेपर्यंत तीच नेत राहिली. मग पुरुष परत आले आणि मुलींना सांगण्यात आलं, आता घरी जा. थर्झा घरी गेली, पण जाताना एक ड्रायव्हर सोबत घेऊन गेली. तो जॉस कॅपस्टिक, आमच्या यार्डातला, चौदा नंबरचा.

जॉसची छाती पुढे कामातून गेली. क्लच दाबताना त्याला धाप लागायची. मग थर्झा "घरी करमत नाही" असं सांगून त्याच्याबरोबर निघायला लागली. गाव मागे पडलं की दोघं जागा बदलायची. यार्डात सगळ्यांना माहीत होतं, मालकाला पण. कुणी काही बोलायचं नाही, कारण माल वेळेवर पोचत होता.

एकसष्ट साली जॉस गेला. शुक्रवारी त्याला मूठमाती दिली आणि सोमवारी सकाळी थर्झा त्याचा लष्करी ओव्हरकोट घालून, बाह्या दुमडून चौदा नंबरमध्ये बसलेली. म्हातारा स्केलगार्थ ऑफिसातून धावत बाहेर आला.

"थर्झा, हे काय?"

"हॉइकचा माल भरलाय, मालक. तो काय आपल्या पायांनी जाणार?"

मालकाकडे त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर नव्हता. "बरं, आजच्यापुरतं," म्हणाला. ते आजच्यापुरतं तीन वर्षं चाललं.

त्या तीन वर्षांत ती ब्रॅडफर्डहून आलेली लोकर आमच्या यार्डातून स्कॉटलंडच्या हद्दीवरच्या हॉइकच्या गिरण्यांना पोचवायची. तेव्हा मोटरवे नव्हता. उत्तरेकडे जायचं तर शॅपचा घाट चढायलाच हवा, आणि हिवाळ्यात तो घाट भल्याभल्यांना रडवायचा. केबिनमध्ये हीटर कुठला? इंजिन दोन सीटच्या मधोमध, त्याच्या झाकणावर मटण भरलेली पेस्ट्री गरम करायला ठेवायची आणि त्याच झाकणावर बोटं शेकायची. भरलेली गाडी चढावर इतकी सावकाश चालायची की शेजारून मेंढ्या पुढे जायच्या. पण आमचा एकोणीस गाड्यांचा ताफा, सगळ्या हिरव्या, आणि दोन हिरव्या गाड्या समोरासमोर आल्या की हात वर व्हायचा. थर्झासाठी काहींचा हात वर व्हायचा नाही. तिचा मात्र प्रत्येकासाठी व्हायचा. "तुमचा हात जड असेल तर राहू दे, माझा हलका आहे," असं ती आमच्या रोजच्या थांब्यावर, डोरा बाउनेसच्या कॅफेत सगळ्यांसमोर म्हणायची.

आता दोरांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. आमच्या लॉऱ्या सपाट. बाजूला फळ्या नाहीत, वर छप्पर नाही. माल रचायचा, वर ताडपत्री घालायची, आणि ताडपत्रीवरून आडवे दोर टाकून खालच्या हुकांना बांधायचे. दोर ताणायच्या गाठीला आम्ही डॉली म्हणायचो. दोराला पीळ देऊन फास करायचा, शेपूट हुकाखालून घेऊन त्या फासातून काढायचं, आणि अंगाचा भार टाकून खाली ओढायचं. एक पीळ दिला की एकेरी डॉली, दोन दिले की दुहेरी. कागदाची रिळं, स्लेटच्या फरश्या, असला घट्ट माल असेल तर एकेरी पुरते. लोकरीला दुहेरीच लागते. लोकरीच्या गासड्या धक्क्यांनी बसतात, दोर सैल पडतो, आणि एकेरी डॉली सैल पडली की उलगडून मोकळी होते.

आणि आमचा एक कायदा होता. दुसऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही. सैल दिसला तर जाऊन सांगायचं, बस. हात लावला म्हणजे त्याला तोंडावर सांगितलं, तुला बांधता येत नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आमच्यातले जे चर्चमध्ये कधी फिरकायचे नाहीत तेसुद्धा हे पाळायचे. कायदा मोडणाऱ्याच्या टेबलावर कुणी चहा प्यायचं नाही.

थर्झाच्या बाबतीत तेवढे सगळे हा कायदा विसरायचे. एकदा लिव्हरपूलच्या गोदीत एका सभ्य माणसानं, तिला न विचारता, तिचा एक दोर ओढून घट्ट करून दिला. वर टोपी उचलून म्हणाला, "घ्या बाई, झालं." थर्झा म्हणाली, "आभारी आहे." मग तिनं तो दोर सोडला. मग बाकीचे दहा सोडले. ताडपत्री उतरवली, घडी केली, आणि पहिल्यापासून बांधायला सुरुवात केली. पाऊस पडत होता, मागे आठ लॉऱ्या खोळंबल्या होत्या, माणसं शिव्या घालत होती. तिनं सव्वा तास घेतला. शेवटची गाठ मारून त्या माणसाला म्हणाली, "आता झालं."

ही गोष्ट ती स्वतः रंगवून सांगायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

चौसष्ट सालचा मार्च. मंगळवार होता. थर्झा लोकर घेऊन पुढे गेली होती, मी कागदाची रिळं घेऊन अर्ध्या तासानं निघालो. घाटाच्या पायथ्याशी डोराच्या कॅफेपुढे चौदा नंबर उभी होती. मी तिच्यामागे गाडी लावली, उतरलो, आणि पाहिलं तर तिचे डावीकडचे मागचे दोन दोर सैल. सैल पडणारच. पहिल्या दहा मैलांत लोकर बसते आणि चहा पिऊन झाल्यावर थर्झा ते रोजच ओढायची. मला ते ठाऊक होतं. तरी मी पुढे झालो, दोन्ही डॉल्या सोडल्या, ओढून ताठ केल्या आणि पुन्हा बांधल्या. कशा बांधल्या? जन्मभर कागद आणि फरश्या वाहिलेल्या माणसाचे हात जसे बांधतील तशा. एकेरी.

हात पुसत आत गेलो. थर्झा शेवटचा घोट घेत होती. मी काही बोललो नाही, पण मनातून फार खूष होतो. एखाद्याच्या नकळत उपकार केला की माणूस स्वतःलाच संत वाटायला लागतो.

ती बाहेर गेली तेव्हा गारा पडत होत्या. मी खिडकीतून बघत होतो. कॉलर वर करून, मान खाली घालून ती गाडीभोवती फिरली, एकेक दोर ओढून पाहिला. सगळे ताठ. तिला वाटलं असणार, आज लोकर लवकर बसली. गाडीत चढली आणि निघाली.

घाटमाथा ओलांडून पलीकडे उतरायला लागलं की एक वळण आहे. अर्ध्या तासानं मी तिथं पोचलो तर रस्त्यावर गासड्याच गासड्या. एक कुणा शेतकऱ्याचं फाटक मोडून आत गेलेली, दोन खालच्या ओढ्यात पाणी पीत पडलेल्या. पोस्टमन आपली सायकल टाकून भिंतीवर चढून बसला होता. कुणा माणसाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. थर्झा रस्त्याच्या मधोमध उभी होती. हातात दोराचं टोक होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"एडविन," ती म्हणाली, "दोर तुटलेला नाही. गाठ सुटलीय. मी लोकरीला कधी एकेरी मारते का रे?"

"नाही," मी म्हटलं.

आणि गासडी ढकलायला खांदा लावला. तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे डोराच्या कॅफेतलं रिकामं टेबल आलं, आणि मी मूग गिळून गप्प बसलो.

बुधवार गेला, गुरुवार गेला. हॉइकच्या गिरणीवाल्यांनी फोनवर आकांत केला. यार्डात जो तो डोकं हलवून म्हणत होता, "चालवते चांगली, पण दोर म्हणजे दोर. शेवटी बाईचं मनगट." थर्झा एकच सांगत होती, "ती गाठ माझी नव्हती." त्यावर सगळे गालात हसायचे, कारण माल सांडलेला प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणतो. मी पण हसलो.

शनिवारी दुपारी सगळे यार्डात गाड्या धूत होते. म्हातारा स्केलगार्थ ऑफिसातून एक टाईप केलेला कागद घेऊन आला आणि त्यानं तो दारावर टाचणीनं लावला. कोणती गाडी कुणाकडे, याची नवी यादी. चौदा नंबरपुढे नाव होतं रूबेन टायसन. तोच कागद कुठल्यातरी फायलीत राहून परवाच्या त्या पाटीपर्यंत पोचला असणार, दुसरं काय!

टायसन आमच्यातला सगळ्यांत जुना, तीस वर्षं गाडी चालवलेला. त्यानं यादी वाचली, पाईप तोंडातून काढला. "मला विचारलं नाही कुणी."

"मी विचारत नाहीये, रूबेन, सांगतोय," मालक म्हणाला. "थर्झा, तू सोमवारपासून ऑफिसात बस. फोन घे. आत शेगडी आहे, ऊब आहे."

थर्झा चौदा नंबरचं चाक घासत होती. तिनं घासणं थांबवलं नाही. "ऊब मला कोटात आहे, मालक. गाडी माझ्याकडे राहील."

"अगं पोरी, हट्ट करू नकोस. तुझ्या भल्याचं सांगतोय."

"अडतीस वर्षांची पोर बघितलीत कुठं?"

दोघंतिघं हसले. मालक लाल झाला. "ठीक आहे. नको म्हणतेस ना? मग इथं, सगळ्यांसमोर, एक गाडी बांधून दाखव. रूबेन तपासेल. तो पास म्हणाला तर ठेव गाडी."

आता थर्झानं ब्रश खाली ठेवला आणि उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण यार्डाच्या टोकाला उभ्या माणसालासुद्धा ऐकू जात होता.

"दाखवते. आधी या सगळ्यांची घ्या परीक्षा. मागच्या वर्षी ह्या रूबेनची तेलाची पिंपं लँकेस्टरच्या रस्त्यावर घरंगळली, तेव्हा कुणी तपासलं होतं त्याला? त्याला फोनवर बसवलं का? सांग रे रूबेन, बसवलं?"

"नाही बसवलं," टायसन म्हणाला. "ऊब मिळाली असती."

"तीन वर्षं मी माल वाहतेय. तीन वर्षांत एक गासडी कमी भरली नाही. तुम्ही मला विचारलं, गाठ कुणाची? मी सांगितलं, माझी नाही. इथं दुसरा कुणीही हे बोलला असता तर तुम्ही दोर तपासायला गेला असतात. मी बोलले, तर तुम्ही माझं मनगट तपासायला निघालात. नाही देणार मी परीक्षा. गाडी हवी असेल तर मला उचलून खाली काढा. बघू कुणाचं मनगट आहे ते."

कुणी हललं नाही. ती चढून केबिनमध्ये बसली आणि तिनं दार लावून घेतलं. बाहेर राहिली असती, रडली असती, हात जोडले असते, तर देवाशपथ सांगतो, मी गप्पच राहिलो असतो. तिनं दार लावलं तो आवाज माझ्या छातीत बसला.

"गाठ माझी होती," मी म्हणालो.

मालकाला ऐकू गेलं नाही. "काय?"

"मंगळवारी डोराच्या कॅफेपुढे. तिचे दोन दोर सैल दिसले. मी सोडून परत बांधले. एकेरी."

टायसननं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानं माझ्या शेजारी ठेवलेली आपली बादली उचलली आणि दहा पावलं पलीकडे नेऊन ठेवली. बास. त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

आणि मालक? मालकानं सुस्कारा सोडला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे एडविन, चांगल्या मनानं केलंस तू. होतं असं कधी कधी. पुढच्या वेळी जरा जपून."

केबिनचं दार धाडकन उघडलं.

"होतं असं?" थर्झा खाली उडी मारूनच आली. "मंगळवारपासून माझी भाकरी टांगून ठेवलीत, आणि ह्याला 'होतं असं कधी कधी'? तीच गाठ, तोच दोर, त्याच गासड्या! माझ्या हातून झालं तर बाईची जात, आणि ह्याच्या हातून झालं तर चांगलं मन? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

"थर्झा, ऐक, गाडी तुझीच..."

"गाडी माझीच होती. ती देऊ नका मला. आत चला, हॉइकला पत्र लिहा. लिहा, की ड्रायव्हरनं दोर ओढून पाहिले पण वाकून गाठ पाहिली नाही, तेवढी चूक तिची. ती मी कबूल करते. आणि खाली लिहा, गाठ एडविन एअरीची. नावासकट. सही तुमची."

म्हातारा आत गेला. पत्र त्यानं लिहिलं. थर्झानं ते स्वतः वाचलं, एक शब्द बदलायला लावला, आणि पाकिटात घालून स्वतःच टपालात टाकायला घेऊन गेली. यादीचा कागद मात्र दारावर तसाच लटकत राहिला, कुणाला त्याची आठवण राहिली नाही.

ती फाटकापाशी गेली तेव्हा मी मागून धावलो. "थर्झा, चुकलो मी. मला वाटलं, तुला मदत होईल."

"मला बुधवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "डोरानं खिडकीतून बघितलं होतं तुला."

"मग बोलली का नाहीस?"

"चहाडी करून गाडी वाचवू? तुला तोंड आहे, ते उघडतं का ते बघत होते. चार दिवस लागले तुला." मग म्हणाली, "एक सांग. दोर टायसनचे असते तर?"

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. टायसनचे असते तर मी सरळ आत जाऊन म्हटलं असतं, रूबेन, तुझे दोन दोर सैल आहेत, आणि चहा मागवला असता. मदत, चांगलं मन, सगळं थोतांड. मला मनातून वाटत होतं की हे काम तिचं नाही, आणि तिच्या पाठीमागे ते नीट करायचा मला हक्क आहे. सत्तावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला भला माणूस समजत होतो.

सोमवारी सकाळी मी रिळं घेऊन ग्लासगोला निघालो. डोराच्या कॅफेपुढे चार हिरव्या गाड्या होत्या. आत गेलो तर सगळे एका टेबलावर. मी दुसऱ्या टेबलावर एकटा बसलो. डोरानं चहाचा मग माझ्यापुढे इतक्या जोरात आपटला की निम्मा सांडला.

थर्झा उठली. कोट चढवला आणि बाहेर गेली. मी खिडकीतून बघितलं. ती तिच्या गाडीपाशी थांबली नाही. माझ्या नऊ नंबरपाशी गेली, पुढचा पहिला दोर धरला, आणि माझी डॉली सोडली.

टायसन पाईप हातात धरून उभा राहिला. भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, थर्झा कॅपस्टिक दुसऱ्याच्या दोरांना हात लावत होती. एक सोडायचा, पीळ द्यायचा, दुसरा पीळ द्यायचा, शेपूट ओढायचं, लोंबकळायचं. घाई नाही. नऊ दोर होते माझ्या गाडीला. नऊच्या नऊ तिनं सोडले आणि नऊच्या नऊ दुहेरी बांधले. कागदाला दुहेरी डॉली कुणी मारत नाही. शर्टाला साखळदंड बांधण्यातला प्रकार. कुणीतरी खुसखुसलं, मग सगळं टेबल हसायला लागलं. डोरा काउंटरवर डोकं ठेवून हसत होती.

मला बाहेर जाता येत होतं. माझी गाडी, माझे दोर, कायदा माझ्या बाजूचा होता. मी जागचा हललो नाही. थंड झालेला चहा पीत बसलो.

ती आत आली, हातमोजे झटकले, आणि माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "घे एडविन, झालं."

"आभारी आहे," मी म्हटलं.

टायसन परत खाली बसला आणि शेजारची रिकामी खुर्ची पायानं जरा मागे सरकवून पाईप पेटवायला लागला. मी माझा मग उचलून तिकडे गेलो. कुणी माझ्याशी बोललं नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही.

शॅपचा घाट चढलो, उतरलो, पेन्रिथ, कार्लाइल मागे टाकून हद्द ओलांडली. दोनदा थांबून, वाकून, सगळे दोर पाहिले. एकही तसूभर हलला नव्हता. मला हात लावायला काही ठेवलंच नव्हतं तिनं.

ग्लासगोच्या गोदामात माल उतरवणारे दोघं त्या गाठींशी झटापट करून घामाघूम झाले. कागदाच्या रिळांना असली बांधणी त्यांनी पाहिली नव्हती. एकजण सोलवटलेली बोटं तोंडात घालून माझ्यावर ओरडला, "अरे बाबा, हे बांधलंय तरी कुणी?"

"चौदा नंबरच्या ड्रायव्हरनं," मी म्हटलं. "थर्झा कॅपस्टिक. माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणून."